धुलाई कारखान्यातली बॅरोनिन

विभावरीचा दिवस पहाटे तीन वाजून पन्नास मिनिटांनी सुरू व्हायचा. गजर चारचा लावलेला असायचा. पण होक्स्टमधल्या ज्या घरात तिनं एक खोली घेतली होती तिथल्या भिंती पातळ होत्या, आणि गजर वाजला की शेजारच्या खोलीतली नर्स जागी व्हायची. म्हणून ही आधीच उठून गजर बंद करायची. अंघोळ, चहा, डब्यात दोन पोळ्या आणि कालची भाजी. साडेचारला अकरा नंबरची ट्राम. ही ट्राम फ्रँकफर्टच्या एका टोकाहून सुटते आणि तासाभरानं दुसऱ्या टोकाला, फेखेनहाइमला जाऊन थांबते. विभावरी पहिल्या थांब्यावर चढायची आणि शेवटच्या थांब्यावर उतरायची. शिफ्ट सहाची. पावणेसहाला ती केस जाळीत बांधून मशीनपाशी उभी असायची. मी तिच्याबरोबर तीन वर्षं काम केलं. ती एकदाही उशिरा आली नाही.

आमचा धुलाईचा कारखाना होता. हॉस्पिटलांच्या आणि हॉटेलांच्या चादरी, अभ्रे, टॉवेल, रोज कित्येक टन. मी मयेकर, गुहागरचा. तरुणपणी जहाजावर ऑइलर, म्हणजे इंजिनाला तेलपाणी करणारा, होतो, मग या कारखान्यात सव्वीस वर्षं काढली. त्यातली शेवटची बारा मांगेलवर. मांगेल म्हणजे इस्त्रीचं मोठं मशीन, खोलीएवढ्या रुंदीचे तापलेले रोलर. एका बाजूनं दोघांनी ओली चादर आत द्यायची, दुसऱ्या बाजूनं ती कोरडी आणि घडी होऊन बाहेर पडते. ऐकायला सोपं आहे. दोघांचे हात एकाच क्षणी सुटले नाहीत तर चादर तिरकी जाते, सुरकुती पडते, आणि ती परत धुवायला जाते. तासाला किती चादरी गेल्या आणि किती परत आल्या हे वर पाटीवर दिसत असतं. तिथं कुणाच्या घराण्याचा उपयोग नसतो.

ती आली तो महिना ऑक्टोबर, साल २०१९. आमच्या शिफ्टची मुकादम ड्रागित्सा, सर्बियाची, यादी घेऊन उभी होती. नव्या बाईचं नाव तिनं दोनदा वाचलं.

"विभा... विभा... फॉन हार्टेनलोह? फॉन? तुझा काय किल्लाबिल्ला आहे की काय?"

"किल्ला नाही, मोठं घर आहे," विभावरी जर्मनमध्ये म्हणाली. "पण माझं नाही."

सगळे हसले. ड्रागित्सानं घागरा धरल्यासारखं करून गुडघे वाकवले. "या, बॅरोनिन. हातमोजे त्या खोक्यात."

आडनावापुढे 'फॉन' असलं की सरदार घराणं, आणि बॅरनच्या बायकोला इकडे बॅरोनिन म्हणतात. त्या दिवसापासून तिला तेच नाव पडलं. ड्रागित्सा ते थट्टेनं म्हणायची. ते खरं आहे हे तिला पुढं वर्षभर माहीत नव्हतं.

तिला माझ्या जोडीला दिलं. पहिल्या तासात तिनं अकरा चादरी तिरक्या घातल्या. मी मराठीत पुटपुटलो, "हात आहेत की लाटणी?"

"हातच आहेत," ती मराठीत म्हणाली. "नुसतं बोलण्यापेक्षा शिकवा, काका."

मग शिकवलं. कोपरा दोन बोटांत धरायचा, मुठीत नाही. नजर चादरीवर नाही, जोडीदाराच्या मनगटावर. दुपारपर्यंत तिच्या उजव्या हाताची तीन बोटं भाजली होती. तिनं ती नळाखाली धरली आणि परत आली. मला त्या वेळी तिच्याबद्दल पहिल्यांदा बरं वाटलं. पुढं महिनाभरात लक्षात आलं की हातानं घडी घालण्यात ती माझ्यापेक्षाही चांगली आहे. हॉटेलचा पलंग कसा लावतात, रजईचं टोक कुठं यायला हवं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. एकदा विचारलं, कुठल्या हॉटेलात होतीस?

"सासरी," ती म्हणाली.

ही सगळी हकिकत तिनं मला एका बैठकीत सांगितलेली नाही. नऊ वाजता पंधरा मिनिटांची सुट्टी असते. तेवढ्यात डबा खाऊन जे बोलणं होईल ते.

तिचे वडील आत्माराम इंगवले. कोल्हापूरजवळ शिरोलीला त्यांची फाउंड्री होती, ट्रॅक्टरचे भाग ओतायची. दोन मोठ्या शेड, तीनशे माणसं. घरात त्यांना आबा म्हणत. मुलगी हुशार, म्हणून २००६ साली तिला जर्मनीत येना शहरात पाठवली, प्रकाशशास्त्राचं एम.एस्सी. करायला. तिथं तिला कॉनराड भेटला. कॉनराड फॉन हार्टेनलोह. उंच, शांत, गाणारा. घराणं सातशे वर्षांचं. येनापासून तासाभरावर, झाले नावाच्या नदीच्या वरच्या अंगाला, त्यांचं जुनं मोठं घर होतं. युद्धानंतर पूर्व जर्मनीतल्या कम्युनिस्ट सरकारनं ते काढून घेतलं होतं. त्यात आधी शाळा झाली, मग धान्याचं कोठार झालं, मग कुणीच नाही. जर्मनी एक झाल्यावर कॉनराडच्या आईनं ते अगदी थोड्या पैशांत परत विकत घेतलं. अट एकच, दुरुस्त करायचं. घर त्यांच्या हातात आलं तेव्हा वरच्या मजल्यावर झाडं उगवली होती.

त्यांच्याकडे नाव होतं. आबांकडे पैसा होता. हे मी म्हणतो. विभावरी असं कधी म्हणाली नाही. ती म्हणायची, "काका, मला तो आवडला होता. बाकीचं नंतर आलं."

बाकीचं फार लवकर आलं. आबा लग्न ठरवायला जर्मनीत आले. घर बघितलं. भिंती ठोकून बघितल्या, कारखानदार माणूस. सासूबाईंनी चांदीच्या किटलीतून चहा दिला, आणि पाऊस आला तेव्हा त्याच खोलीत तीन ठिकाणी बादल्या ठेवल्या. आबांना ते सहन झालं नाही. माझी पोर बादल्यांच्या मध्ये झोपणार नाही, ते म्हणाले. एक शेड विकू. त्यांनी ती विकली.

आता इथली पद्धत अशी. एवढी मोठी देणगी द्यायची तर नोटरीसमोर कागद करतात, आणि तो कागद नोटरी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्यानं वाचून दाखवतो. कितीही पानं असोत. आबांसाठी दुभाषा बसवला होता. घर सासूबाईंच्या नावावर, म्हणून देणगी सासूबाईंना. चौथ्या पानावर नोटरी थांबला. म्हणाला, इथं एक कलम घालता येईल. पुढंमागं लग्न मोडलं तर ही रक्कम मुलीला परत मिळेल. बरेच जण घालतात. घालू?

दुभाष्यानं ते सांगितल्यावर आबांचा चेहरा लाल झाला.

"शुभकार्यात हे काय बोलणं? लग्न लागायच्या आधीच मोडायची भाषा? काढा म्हणावं ते. आमच्यात मुलीच्या सासरी दिलेलं परत मागत नाहीत."

नोटरी विभावरीकडे बघत होता. ती तेव्हा चोवीस वर्षांची. तिचं जर्मन दुभाष्यापेक्षा चांगलं होतं.

"मला समजलं होतं, काका," ती म्हणाली. "अगदी नीट समजलं होतं. पण आबा तसं बोलल्यावर मी काय सांगणार? सासूबाई समोर बसलेल्या. मला लाज वाटली. मी मान हलवली. त्यानं पेननं रेघ मारली आणि पुढं वाचायला लागला."

"आणि सासूबाई?"

"त्यांनी आबांचा हात हातात घेतला. म्हणाल्या, तुम्ही खरे खानदानी आहात."

शिवाय कॉनराडबरोबर वेगळा करार झाला, ज्याचं ते त्याचं, जिचं ते तिचं. तो या घराण्यात सगळ्या सुनांशी करतात म्हणे. त्यावरही सही झाली.

लग्न झालं. घर दुरुस्त झालं. एम.एस्सी.चा शेवटचा प्रबंध राहिला तो राहिलाच, कारण घरात पाहुण्यांसाठी चौदा खोल्या काढल्या आणि त्या चालवायला माणूस हवं होतं. विभावरी चालवू लागली. अकरा वर्षं. सकाळचा नाश्ता, चौदा पलंग, लग्नांच्या पार्ट्या, उन्हाळ्यातल्या मैफली, बागेतल्या खुर्च्या आत आणणं. धुणं बाहेर द्यायला परवडत नव्हतं म्हणून तेही घरीच. कॉनराड संध्याकाळी पाहुण्यांना घराण्याचा इतिहास सांगायचा. तो वाईट माणूस नव्हता. कामाचा नव्हता. मी विचारलं, त्यानं कधी बादली उचलली का? तिनं विचार केला आणि म्हणाली, "एकदा. फोटोसाठी."

अकरा वर्षांत तिच्या नावावर पगार एकदाही निघाला नाही. इथं पगार निघाला तर पेन्शनच्या खात्यात नोंद होते. नोंद नाही म्हणजे काम केलंच नाही. तिनं मला सरकारकडून आलेलं पत्र दाखवलं. त्या अकरा वर्षांपुढे मुलगी झाल्याबद्दलची तीन वर्षं तेवढी लावलेली, बाकी कोरं. मी आयुष्यात बरंच अंगमेहनतीचं काम पाहिलं आहे. इतकं काम करून इतका कोरा कागद कुणाचा पाहिला नाही.

आबा २०१७ साली गेले. राहिलेल्या शेडवर कर्ज होतं. धाकटा भाऊ सिद्धेश ती सांभाळणार होता. तेराव्याला ती कोल्हापूरला गेली तेव्हा त्यानं कागद पुढं केला, हक्कसोड. आपल्याकडे बहिणी करतात. भाऊ साडी नेसवतो, बहीण सही करते, आणि माहेर उघडं राहतं. तिनं सही केली. साडी मोरपंखी होती.

"का केलीस?" मी विचारलं.

"नाही म्हटलं असतं तर आई म्हणाली असती, बॅरनची बायको होऊन भावाच्या तोंडचा घास काढते. आणि तेव्हा मला गरज कुठं होती? माझं घर होतं ना."

दोन वर्षांनी ते घर नव्हतं. कॉनराडचं दुसऱ्या बाईशी जुळलं, त्यांच्यातलीच, नावापुढे फॉन लावणारी. घटस्फोट झाला. विभावरीनं आबांचे पैसे मागितले. सासूबाईंच्या वकिलानं तो नोटरीचा कागद काढला. चौथ्या पानावर रेघ मारलेलं कलम, समासात सगळ्यांची आद्याक्षरं. यापेक्षा स्पष्ट काय असणार? विचारलं होतं, नको म्हटलं होतं. न्यायाधीश बाईंनी तो कागद दोनदा वाचला म्हणे. मग खाली ठेवला.

पैसे गेले ते गेले. त्याबद्दल ती फार बोलायची नाही. तिचा जीव अडकला होता अन्वीत. मुलगी तेव्हा आठ वर्षांची. कोर्टात ठरलं की मुलीची शाळा, मैत्रिणी, घोडा, सगळं तिथं आहे, तर ती बापाकडे राहील. आई दर दुसऱ्या रविवारी दिवसभर भेटू शकते. रात्री न्यायची असेल तर आधी मुलीला झोपायला नीट जागा दाखवा. भाड्याच्या घरातल्या एका खोलीत, तीन परक्या माणसांसोबत एक संडास, तिथं मूल पाठवता येणार नाही. हे सासरच्या वकिलानं म्हटलं आणि सरकारी बालकल्याण खात्याच्या बाईंनाही ते पटलं.

म्हणून दोन खोल्यांचं घर. तिचं सगळं काम त्यासाठी होतं. मुलीनं एक रात्र तिच्याकडे झोपावं, सकाळी उठून तिच्या हातचं खावं. शनिवारची जादा शिफ्ट, सणाच्या दिवशीची शिफ्ट, करोनात हॉस्पिटलांच्या चादरी दुप्पट यायला लागल्या तेव्हा घाणेरड्या बाजूची शिफ्ट, जिथं पिशव्या फोडतात आणि जिथं कुणी जायला तयार नव्हतं. तिथं भत्ता जास्त होता. दोन मास्क, चष्मा, रबरी अंगरखा, आणि आतून घाम. मी म्हटलं, "एवढं करू नकोस. आजारी पडशील."

"पडले तर रविवार बुडेल," ती म्हणाली. "म्हणून पडत नाही."

दर दुसऱ्या रविवारी ती साध्या गाड्यांनी येनाला जायची, तीनदा गाडी बदलून. कॉनराड मुलीला तिथं आणून सोडायचा. वनस्पती उद्यान, तारांगण, पिझ्झा, आणि सहा वाजता परत. मुलीला मराठी सगळं समजायचं. उत्तर जर्मनमध्ये.  एका सोमवारी सुट्टीत विभावरी म्हणाली, "काल अन्वी म्हणाली, तुझ्या हातांना हॉस्पिटलचा वास येतो."

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, गेनाऊ, अगदी बरोबर, हॉस्पिटलचाच आहे. काय म्हणणार?" आणि डब्याचं झाकण लावलं. पोळी तशीच होती.

घर मिळायला अडीच वर्षं लागली. या शहरात एका घराला शंभर अर्ज येतात. वर तिचं नाव. अर्जावर फॉन हार्टेनलोह, दारात सावळी बाई, पगाराच्या पावतीवर धुलाई कारखाना. एका घरमालकानं सरळ विचारलं, हे नाव खरं आहे का? तिनं पासपोर्ट दाखवला. तो म्हणाला, पासपोर्ट भारताचा आहे.

मी म्हटलं, "बदलून टाक ते नाव. इंगवले लाव. मनस्ताप तरी कमी होईल."

"अन्वीच्या शाळेच्या दाखल्यावर आईचं नाव हार्टेनलोह आहे," ती म्हणाली. "मी इंगवले झाले तर तिची कोण?"

मला ते पटलं नाही. अजूनही पटत नाही. पण तिच्या हट्टाला मेहनतीची जोड होती, म्हणून मी पुन्हा विषय काढला नाही.

शेवटी २०२२ च्या वसंतात ड्रागित्साच्या मावसबहिणीनं होक्स्टमधलं घर सोडलं आणि घरमालकापुढे विभावरीचं नाव टाकलं. दोन खोल्या, तिसरा मजला. रिकाम्या भिंती, इथं भाडेकरू स्वयंपाकघरसुद्धा उखडून घेऊन जातो. पलंग आम्ही दोघांनी जोडला. लाकडी, पांढरा, एकट्या मुलीचा. विभावरीनं त्यावर चादर घातली ती एकाच झटक्यात, एकही सुरकुती नाही. मी त्याच वर्षी निवृत्त झालो. जाण्याच्या दिवशी ड्रागित्सा मला म्हणाली, "तुझी बॅरोनिन सगळ्यांत चांगली कामगार आहे. हे तिला सांगू नकोस, पगारवाढ मागेल."

अन्वी आली. महिन्यातून दोनदा, शनिवार-रविवार. अकरा वर्षांची, बापासारखी उंच, डोळे कोल्हापूरचे. मी एकदा जेवायला गेलो होतो. विभावरीनं वरण-भात, बटाट्याची भाजी केली होती.

"तूप घालू का गं?"

"नाइन, दांके."

"थोडंसं?"

"मामा!" मुलगी म्हणाली, इकडे आईला मामा म्हणतात, आणि पुढं जर्मनमध्ये, की तू प्रत्येक वेळी दोनदा विचारतेस. पण ताट पुढं केलं. विभावरीनं तूप घातलं. त्या घरात मी पाहिलेलं ते सगळ्यांत चांगलं जेवण.

दोन वर्षं असं चाललं. नंतर महिन्यातून एकदा. नंतर गायनाचा क्लास, घोड्यांच्या स्पर्धा, मैत्रिणीचा वाढदिवस. कॉनराडनं मोडता घातला असं मी म्हणणार नाही. मुलीलाच यायचं नव्हतं. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला शनिवार-रविवारी पाच तास गाडीत बसून परक्या शहरात तिसऱ्या मजल्यावर येण्यात काय रस? चौदा पूर्ण झाल्यावर इथं मुलीचं म्हणणं कोर्टसुद्धा ऐकतं. कोर्टापर्यंत जावं लागलं नाही. मुलीनं फोनवर सांगितलं. विभावरीनं स्पीकर लावला होता, मी समोर होतो.

"मामा, मला फ्रँकफर्टला नाही यायचं." हे जर्मनमध्ये, शांतपणे.

"बरं," विभावरी मराठीत म्हणाली. "मग आपण कुठं भेटायचं?"

"तूच ये ना इकडे."

"येते ना मी. येनाला येते."

"येना नाही. इकडे. इकडेच झोप. आमच्याकडे खोल्या आहेत."

मुलीनं ते कुत्सितपणे म्हटलं नव्हतं. तिला खरंच ते सोपं वाटलं. मोठं घर आहे, त्यात खोल्या आहेत, लोक येऊन राहतात. विभावरीनं फोन ठेवला. मग घराची वेबसाइट उघडली. खोल्यांचे फोटो तिनंच काढलेले होते, अजून तेच होते. ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवार-रविवारी, दोन रात्रींसाठी एक खोली मिळत होती. सगळ्यांत स्वस्त, तीन नंबर, मागच्या बाजूची, स्वयंपाकघराच्या वरची. तिनं नाव, पत्ता भरला.

मी म्हटलं, "तू वेडी आहेस का? बापाच्या पैशांनी उभ्या राहिलेल्या घरात भाडं भरून झोपणार?"

"मग कुठं झोपू, काका? ती तिथं आहे."



रुळांचं काम चालू होतं, गाड्या बंद. म्हणून मी माझ्या गाडीतून तिला घेऊन गेलो. शुक्रवारी दुपारी निघालो, चार तास. घर मी पहिल्यांदा पाहिलं. काम चोख होतं, त्याबद्दल बोलायला जागा नाही. छतावर काळ्या दगडाची पातळ कौलं, एकेक हातानं बसवलेली. दगडी जिन्याच्या पायऱ्या सरळ. फाटकापाशी एक फलक होता, या घराच्या दुरुस्तीला कुणी कुणी मदत केली त्यांची नावं. राज्याचं खातं, एक बँक, दोन संस्था, मित्रमंडळ. मी तो वरपासून खालपर्यंत वाचला. इंगवले नव्हतं. विभावरी फलकाकडे न बघता पुढं गेली. तिला तो पाठ असावा.

आत टेबलामागे सासूबाई स्वतः बसल्या होत्या. ऐंशी वर्षांच्या, पाठ ताठ, मोत्यांची माळ. त्यांनी विभावरीकडे पाहिलं आणि चष्मा काढला.

"गुटेन टाग," त्या म्हणाल्या. आणि थोडं थांबून, अहोजाहो करत, "प्रवास ठीक झाला ना तुमचा?"

"हो. आभारी आहे."

"तीन नंबर तयार आहे. नाश्ता आठ ते दहा." त्यांनी संगणकात पाहिलं, मग खणातून एक छापील फॉर्म काढला आणि संकोचानं टेबलावर ठेवला. "हे मात्र भरावं लागेल. जर्मन नागरिकांना आता लागत नाही. परदेशी पाहुण्यांना लागतं. नियम आहे."

विभावरीनं पेन घेतलं. आडनाव, नाव, जन्मतारीख, नागरिकत्व, पासपोर्टचा नंबर. आडनावाच्या चौकोनात तिनं घराचं नाव लिहिलं, तेच फॉर्मच्या डोक्यावर छापलेलं होतं. सासूबाईंनी फॉर्म उलटा करून वाचला, तारीख टाकली आणि किल्ली दिली.

"अन्वी साडेपाचला तबेल्यातून येईल," त्या म्हणाल्या. किल्ली अजून त्यांच्याच बोटांत होती. "तिला माहीत आहे की तुम्ही येणार आहात." मग सोडली.

मी गावात एका बाईकडे खोली घेतली होती. शनिवारी दिवसभर मी त्यांच्या वाटेला गेलो नाही. नदीकाठी फिरलो. दुपारी लांबून दोघी दिसल्या, शेताच्या बांधावरून चालताना. मुलगी पुढं, हातवारे करत काहीतरी सांगत होती. आई दोन पावलं मागं.

रविवारी दहा वाजता मी तिला घ्यायला गेलो. नाश्त्याच्या खोलीचं दार उघडं होतं. खिडकीजवळच्या टेबलावर दोघी समोरासमोर बसलेल्या. अन्वीचे केस ओले होते, अंगात घरचा ढगळा स्वेटर, पायांत फक्त मोजे. विभावरी तिच्या पावाला लोणी लावत होती. चौदा वर्षांच्या मुलीला, जी स्वतः लावू शकते. मुलगी तिला लावू देत होती. मग कुणीतरी हाक मारली, मुलगी उठली, आईच्या गालावर गाल टेकवला आणि गेली.

बिल करायला कॉनराड आला. जाडसर झाला आहे. त्यानं माझ्याशी हात मिळवला, हवेबद्दल बोलला. यंत्रातून कागद निघाला तो त्यानं वाचून न बघताच पुढं केला. विभावरीनं वाचला. मी तिच्या खांद्यावरून वाचला. खोली, दोन रात्री. गावाचा पर्यटन कर. आणि शेवटच्या ओळीत, नाश्ता, व्यक्ती दोन, दिवस दोन.

"हे चुकलंय," मी मराठीत म्हटलं. "तू एकटी आहेस. दुसरी व्यक्ती कोण?"

तिनं नाश्त्याच्या खोलीच्या उघड्या दाराकडे पाहिलं.

"अगं, पोरगी या घरातली आहे! तिच्या घरात तिनं खाल्लं त्याचे पैसे तुझ्याकडून? सांग त्याला. नाहीतर मी सांगतो."

"काका, गप्प बसा," ती हळू म्हणाली. "ती रोज खाली स्वयंपाकघरात उभ्यानं खाते आणि पळते. हे दोन दिवस वर येऊन माझ्यासमोर बसली. पाहुण्यांच्या टेबलावर बसलं की लावायचं, हा नियम मीच केला होता."

कॉनराडनं तिच्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं. "काही अडचण आहे का?"

"नाही," ती म्हणाली. "बरोबर आहे."

तिनं पर्समधून कार्ड काढलं. उजव्या हाताची ती तीन बोटं आता कायमची गुळगुळीत आहेत, फोनलाही त्यांचा ठसा ओळखता येत नाही; त्याच बोटांनी तिनं कार्डाचे आकडे दाबले. पावती सरकली. खात्यात जमा झालेल्या पगारातले, मांगेलवरच्या कुठल्यातरी आठवड्याचे पैसे गेले. दोन रात्रींच्या भाड्याचे, कराचे, आणि अन्वीच्या दोन सकाळच्या नाश्त्याचे. दोन पाव, एक उकडलेलं अंडं, चीज, आणि कोकोचा एक मोठा कप, जो मुलीनं पूर्ण संपवला होता.